पांजणीचा रस्ता

११ जानेवारी १९७४

बस मंजूर झाली. नगरसेवक आज स्वतः दारात येऊन सांगून गेले. माझ्या हेलपाट्यांना वैतागून त्यांनी ती मंजूर करून आणली, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. दिसू दे. उभा जन्म मुलींच्या शाळेत शिकवण्यात घालवला, पिच्छा कसा पुरवायचा हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता सोलापुरात अक्कलकोट नाक्यापलीकडं राहणं म्हणजे वनवास, असं कुणी म्हणायचं नाही. आमच्या यांनी इथं घर बांधलं तेव्हा सगळी भावकी हसली होती. वस्ती कानडी बोलणाऱ्या मागवाल्यांची आणि त्यात आम्ही माळशिरसकडचे दोघं. पुढं हे गेले, लेक कस्तुरा लग्न होऊन शहरात सात रस्त्याला गेली, आणि मी मागच्या दोन खोल्यांत उरले. पुढच्या खोल्यांत संगप्पा आणि गुरम्मा भाड्यानं राहतात. त्यांचा माग तिथंच जमिनीत आहे. कमरेइतका खड्डा, काठावर बसून त्यात पाय सोडायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकत नऊवारी विणायची. तो खटखटाट इतकी वर्षं भिंतीपलीकडून येतो आहे की तो थांबला तरच माझी दुपारची झोप मोडते.

बसची बातमी पहिल्यांदा गुरम्मालाच सांगितली. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरता भरता ती म्हणाली, "लई बेस झालं बाई. आता कस्तुरा दर आठवड्याला येतीय बगा."

तिनं माझ्या मनातलं ओळखलं. या दोघांना मूलबाळ नाही, आणि मला आहे ते सात रस्त्याला. तेवढं अंतर काही काशी-रामेश्वर नाही, पण टांगा ठरवायचा, दोन पोरं सांभाळायची, म्हणून कस्तुरा सणालाच काय ती येते. बस झाली की ही सबब उरणार नाही.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला गुरम्माबरोबर गेले. नंदीध्वज पाहिले, सिद्धेश्वराला हात जोडले, आणि तळ्याच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी साफ नकार दिला. गुरम्मानं मला जवळजवळ ओढतच वर आणलं. वाटेत दोनदा म्हणाली, "धरा की घट, लाजायलाव कशाला?"

परतताना मकदूमचा टांगा केला. मकदूम आमच्या नाक्यावरचा जुना टांगेवाला. मी बसताच म्हणाला, "क्या बाई, तुमी बस लारे कते! हमारी घोडीकू पेन्शन देनेवाले क्या?"

मी म्हटलं, तुझ्या घोडीला माझ्याइतकीच पेन्शन देतील, म्हणजे कडब्यालासुद्धा पुरणार नाही. तो हसला. मग चाबूक बाजूला ठेवून घोडीला हळूच चुचकारलं. मला जरा वाईट वाटलं. पण एका घोडीसाठी सगळ्या वस्तीनं चालत राहायचं का?

३ फेब्रुवारी

रस्त्यावर बैठक झाली. म्हणजे बाप्ये तिकडं, बायका इकडं आणि मध्ये मी. विषय पांजणीचा.

आमचा रस्ता एवढा रुंद आहे तो पांजणीमुळंच. मागावर चढवण्याआधी लुगड्याचा उभा ताणा रस्त्यात लांबच्या लांब पसरायचा, बांबूंवर ताणायचा, त्याला खळ लावायची आणि चार-सहा जणांनी दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत धागा न् धागा मोकळा करायचा, ही पांजणी. त्यासाठी या लोकांनी पहिल्यापासून घरं मागं सरकवून बांधली. आणि रस्ता रुंद सापडला म्हणून तर बसवाल्यांनी तो पसंत केला. गंमतच आहे.

संगप्पा सहसा तोंड उघडत नाही. आज म्हणाला, "बाई, खळ वली हाय तवर हात थांबवून चालत न्हाय. थांबलं की धागं चिकटत्यात. मग ताणा वाया. मदी बस आली तर?"

मी म्हटलं, "पहिली बस सातला आहे. तुम्ही थोडं आधी सुरू करा, सातच्या आत उरका. बसलाही रस्ता आणि तुम्हालाही."

सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग संगप्पाच म्हणाला, "बाई म्हनत्यात म्हणजे इचार करूनच म्हनत असतील की." आणि बैठक संपली. एवढ्या लोकांनी एका शब्दावर विश्वास टाकला. मला खरंच भरून आलं.

२४ मार्च, पाडवा

बस आली! लाल-पिवळी, कपाळावर हार, आणि रेडिएटरवर कुणीतरी नारळ फोडलेला. पुढच्या बाकावर गुरम्मा आणि मी. ती पहिल्यांदाच सिटी बसमध्ये बसली. दांडा असा धरला होता की जणू विमानच उडणार आहे. स्टेशनपर्यंत जाऊन तीच बस धरून परत आलो. काही काम नव्हतं, नुसती हौस.

दुपारी कस्तुरा, जोतीरामराव आणि पोरं आली. बसनं! जावईबापू म्हणजे बँकेतले, घड्याळ बघून बोलणारे. पण आज त्यांनी घड्याळ बघितलं ते कौतुकानं. "आई, आमच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत पंचवीस मिनिटं. हा तर आता शहराचाच भाग झाला की!" म्हणाले. गुरम्मानं पोरांसाठी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करून आणली. धाकटीनं दोनदा मागून खाल्ली. इतका भरलेला दिवस किती दिवसांनी आला.

१४ एप्रिल

कस्तुरा आजही आली. ओळीनं तिसरा रविवार. बस आणली याचं मला एवढं सार्थक वाटतं की कुणाला सांगायची सोय नाही, गुरम्माला सांगून सांगून ती कंटाळली.

जोतीरामरावांना या घराचा लळा लागलेला दिसतो. आज अंगणात पावलं टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या, यांनी पाया कुठल्या दगडाचा घातला ते विचारलं. यांच्याबद्दल इतक्या आपुलकीनं कुणी विचारून कितीतरी वर्षं झाली. मी पुष्कळ सांगत बसले. कस्तुरा मात्र का कोण जाणे, पदराचं टोक पिळत गप्प होती. उन्हाचा त्रास होत असेल.

९ मे

आज वाईट झालं. गिरणीच्या पहिल्या पाळीच्या लोकांनी मागणी केली म्हणून परवापासून बस लवकर सुटते. त्यांचंही खरं आहे, त्यांनी किती दिवस पायपीट करायची? पण आज ती आली तेव्हा रस्त्यात संगप्पाचा ताणा पसरलेला, खळ ओली, कुंचे अर्ध्यावर. ड्रायव्हर भला माणूस, तो थांबला. आतले लोक थांबेनात. "आमची हजेरी जायलीय, तुमचं धुणं उचला की!" असं कुणीतरी ओरडलं.

धुणं! मी दारातून धावत गेले, दोन शब्द सुनावले. पण माझ्या दोन शब्दांनी ताणा थोडाच वाळायचा थांबणार? शेवटी संगप्पानं स्वतः बांबू उपटले आणि सगळ्यांनी मिळून ताणा कडेला घेतला. बस गेली. धागे चिकटायचे ते चिकटलेच.

संध्याकाळी गुरम्मा उंबऱ्यात बसून एकेक धागा सोडवत होती. मी शेजारी बसून मदत करायला लागले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, तुमच्या हातानं तुटतंय." खरंच तुटत होतं.

२ जून

मार्ग निघाला. पांजणी आता घरांमागच्या माळावर. तिथं ना बस, ना हॉर्न. मीच सुचवलं. वारा जास्त असल्यानं धूळ बसते म्हणतात, पण सवयीनं जमेल. मला वाटतं आता कुणाची तक्रार उरायची नाही.

समोरच्या चनबसप्पांच्या घरातले दोन्ही मागवाले मात्र गेले. चनबसप्पा त्या जागेवर माडी बांधणार आहेत. खाली औषधांचं दुकान येणार. बरंच झालं, रात्री-बेरात्री डोकेदुखीच्या गोळीसाठी नाक्यापर्यंत जावं लागणार नाही.

२१ जुलै

माळावर खुंट्या ठोकल्या. पांढरे दोर बांधले. नोकरदारांची सोसायटी होणार आहे, बंगले. बस आहे म्हटल्यावर लोक येणारच.

संगप्पा दोराच्या अलीकडं उभा राहून बराच वेळ बघत होता. मी विचारलं, आता पांजणी कुठं करणार? म्हणाला, "बगायचं." मग म्हणाला, "कुंचं धरायला मानसं तरी कुटं ऱ्हायलीत? चार घरं गेली की."

चार? मला दोनच माहीत होती. इतक्या जवळ राहून मला कळलं नाही. हल्ली रविवारच्या तयारीत माझा आठवडा जातो, हेही खरं.

मकदूमनं घोडी विकली. विजापूरकडं कुणाला तरी दिली. आता तो हातगाडी ओढतो. मी त्याला पाहिलं आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं आले. का आले, ते मलाच सांगता येणार नाही.

११ ऑगस्ट

आज जेवणं झाल्यावर जोतीरामराव म्हणाले, "आई, पुढच्या खोल्यांना शहाबादी फरशी घालू या. रस्त्यावरून बस जाते, जमीन हादरते. खोलीत एवढा खड्डा असला तर एक दिवस भिंत बसेल. शिवाय उद्या आम्हाला यायचं म्हटलं तर राहण्यासारखं नको का?"

आम्हाला यायचं म्हटलं तर! मी कस्तुराकडं पाहिलं. ती ताटं उचलत होती. "पाहू या की आई," एवढंच म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

मी दिवसभर हवेत आहे. कस्तुरा इथं येऊन राहणार. पोरं या अंगणात खेळणार. मग संगप्पा-गुरम्मा? त्यांना कुठं काढायचंय? माग तेवढा दुसरीकडं न्यावा, कुणाच्या तरी शेडमध्ये. नाहीतरी आता पांजणीचीच पंचाईत आहे. ते दोघं मागच्या पडवीत राहतील, मी पडवीला पत्रे घालून देईन. सगळ्यांना जागा होईल. गुरम्मा आणि कस्तुरा, दोघी एका घरात. आणखी काय पाहिजे?

२२ ऑगस्ट

दहा दिवस जीभ रेटेना. आज सांगितलं.

संगप्पा मागावर होता, गुरम्मा कांड्या भरत होती. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "संगप्पा, फरशी घालायचं चाललंय. तेवढा खड्डा बुजवून घ्या."

धोटा थांबला. गुरम्मानं माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. पडवीचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर बस आली, हॉर्न वाजला आणि जावई उतरताना दिसले. आज मधल्याच दिवशी आले, गवंडी घेऊन. मी घाईनं म्हटलं, "बाकीचं मग बोलू."

संगप्पा म्हणाला, "हातातलं लुगडं उतरू द्या बाई. मग बुजवतो."

एवढंच! मी उगाच दहा दिवस घाबरत होते. समंजस माणसं आहेत.

८ सप्टेंबर

पडवीचं बोलायचं राहूनच जातंय. गुरम्मा हल्ली कामात असते. मी गेले की, "बर्री बाई, कूड्री," म्हणून पाट टाकते, चहा देते, पण पूर्वीसारखं बसत नाही. लुगडं वेळेत पुरं करायची घाई असेल. काल तिनं मला शेंगाची चटणी दिली, मोठा डबा भरून. एवढी कशाला ग, म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. पुरवून खावा."

२३ सप्टेंबर, सोमवार

आज खड्डा बुजवला. काय सोहळा केला! मला वाटलं होतं चार टोपल्या माती टाकतील आणि मोकळे होतील. तर सकाळी दोघांनी अंघोळ करून, विभूती लावून, माग सोडवला. त्याची लाकडं भिंतीशी नीट लावली. खड्ड्यात हळद-कुंकू वाहिलं, दिवा ठेवला, गुळाचा खडा ठेवला. मला बोलावलं. पहिली मूठ माती संगप्पाची, दुसरी गुरम्माची. तिसरी मला टाकायला सांगितली. मी टाकली.

मग गुरम्मानं, मी विधवा असूनही, माझी ओटी भरली. नुकतंच उतरवलेलं लुगडं माझ्या हातात ठेवलं, अंजिरी रंगाचं. मी म्हटलं, अग वेडी का खुळी, हे बाजारात जायचं. तर तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी थट्टेनं म्हटलं, "फरशी घालायला एवढं, तर माडी बांधली तर काय करशील?" ती हसली नाही. डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं खड्ड्यात पाय सोडून नवरा बसला, वाटणारच काहीतरी.

फरशीसाठी म्हणून एवढा मान देणारी माणसं आता कुठं मिळतात!

उद्यापासून मी कस्तुराकडं. तिनंच बोलावलंय, आठवडाभर राहा म्हणून. परत आल्यावर पडवीचं पहिलं काम.

२ ऑक्टोबर

संगप्पा आणि गुरम्मा गेले.

बसमधून उतरले तर पुढचं दार सताड उघडं. आत काही नाही. भिंतीवर जिथं देव होते तिथं काळपट चौकोन. जमीन सारवून घेतलेली, कोपऱ्यात केरसुणीही ठेवलेली. मला वाटलं नातलगांकडं गेले असतील. पण केरसुणी मागं ठेवून कुणी पाहुणं जात नाही.

नाक्यावर मकदूमला गाठलं. सामान त्याच्याच हातगाडीवरून गेलं होतं.

"कुठं गेले?"

"कुंभारी. पाटीलके जागेपे पत्र्याच्या खोल्या हैं. तुमारे गल्लीके सब वहींच गये."

"पण मला न सांगता?"

मकदूमनं हातगाडीचा दांडा खाली ठेवला. "बाई, तुमीच बोल्या ना, खड्डा बुजाव कते?"

"फरशीसाठी म्हटलं मी! त्यांना जा कुठं म्हटलं?"

मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं लिहून ठेवते. मागवाल्यांत घरमालक 'घर सोडा' असं म्हणत नाही. ते तोंडानं बोलणं अशुभ. तो 'खड्डा बुजवा' म्हणतो. त्यावर मागवाला उलट विचारत नाही, हुज्जत घालत नाही. माग ही त्यांची लक्ष्मी. जिथं ती नको झाली तिथं तिला एक दिवस ठेवायची नाही. पूजा करायची, मालकाच्या हातची माती घ्यायची, ओटी भरायची आणि निघायचं. मालकासमोर सामान काढायचं नाही, त्याला अवघड वाटू नये म्हणून.

"सारे सोलापूरकू मालूम हैं बाई," तो म्हणाला. "तुमकू नै मालूम?"

नव्हतं मालूम. कानडी वस्तीत संसार केला, त्यांच्या पोरींना बाराखडी शिकवली. पण या वर्षापर्यंत इथून कुणी माग हलवलेलाच नव्हता, मला कळणार कसं? असं मी स्वतःला सांगते आहे. आणि लगेच दुसरं मन विचारतं, समोरचे गेले तेव्हा गुरम्मा त्यांच्याकडं पूजेला गेली होती. तू औषधाच्या दुकानाचा विचार करत होतीस.

त्या दिवशी मी तिसरी मूठ टाकली. हसत टाकली.

३ ऑक्टोबर

पहाटे जाग आली ती शांततेनं. उठून उगाच पुढच्या खोलीत जाऊन आले. पहिली बस गेली तेव्हा जमीन हादरली का ते पाहायला उभी राहिले. काहीच हादरलं नाही.

१९ ऑक्टोबर

फरशी झाली. चुना झाला. नवं दार बसलं.

आज जोतीरामराव एका गृहस्थांना घेऊन आले. मिरजेहून बदलून आलेले, मोठ्या हुद्द्यावरचे, बायको, एक मुलगा. त्यांनी नळ पाहिला, बसचा थांबा पाहिला, आणि "उत्तम" म्हणाले. पुढच्या आठवड्यात राहायला येणार.

ते गेल्यावर मी विचारलं, "आणि कस्तुरा?"

"आई, पोरांच्या शाळा तिकडं आहेत. ऐन वर्षात कुठं हलवायचं? तोपर्यंत जागा रिकामी ठेवण्यात काय अर्थ?"

त्यांचंही बरोबर आहे. वर्ष संपलं की येतील. मी तसं कस्तुराला विचारणार होते, पण आज ती आली नव्हती. तिचं डोकं दुखत होतं.

१५ नोव्हेंबर, पाडवा-भाऊबीज

कस्तुरा दिवाळीला आली नाही. बसला सणाची फार गर्दी असते, पोरं चेंगरतात, असा निरोप जावयांनी दिला. तेही आले ते पुढच्या खोल्यांतल्या नव्या साहेबांना भेटायला, पुढच्या दारानं. मागं मला हाक मारून गेले.

साहेबांची बायको फराळाचं ताट घेऊन आली. चांगली बाई आहे. "तुम्ही मागच्या भाडेकरू ना?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, मी मालकीण. ती ओशाळली, मीही ओशाळले.

आता बसमध्ये माझ्या ओळखीचं कुणी नसतं. सगळे इस्त्रीचे कपडे, हातात डबे. बायका आपापसात गुलुगुलु बोलतात, मला जागा देतात. कुणी "काय बाई, कुटं निगालाव?" असं विचारत नाही.

२० नोव्हेंबर

आज कुंभारीला जाऊन आले. सिटी बस तिकडं जात नाही. अक्कलकोटच्या एस.टी.नं फाट्यावर उतरले आणि तिथून चालत गेले. माझ्या गुडघ्यांना ती वाट संपता संपेना. दोनदा बांधावर बसले.

पत्र्याच्या खोल्यांची ओळ लांबूनच ऐकू आली. खट-खट, खट-खट. मी तिथंच थांबले आणि रडले. रस्त्यावर, उन्हात, म्हातारी बाई. लाज वाटली नाही.

गुरम्मानं मला पाहिलं आणि पळत आली. "अगं अव्वा, चालत आलाव व्हय? गुडगं घालवून घ्यायचं हाय का?" मला धरून आत नेलं, पाणी दिलं, पाय चेपायला लागली. रागाचा लवलेश नाही. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सगळं सांगून टाकलं. मला ती रीत माहीत नव्हती. पडवीचं ठरवलं होतं, बोलायचं राहिलं. घर सोडा असं मी म्हटलं नव्हतं. संगप्पा मागावरून उठून आला आणि ऐकत उभा राहिला.

"म्हंजी तुमी घालवलं न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही रे."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "आमी इचारायला पायजे हुतं. पर इचारत न्हाईत, बाई." आणि पुन्हा मागावर जाऊन बसला. त्याच्या हाताला मात्र लवकर लय सापडली नाही.

मी म्हटलं, परत चला. साहेबांना दुसरी जागा बघायला सांगते, फरशी उखडते. गुरम्मानं मान हलवली. "कुटं यायचं बाई? पांजनी कुटं घालू? कुंचं कोन धरंल? सगळी हितं हायती." दाराबाहेर लांबलचक ताणा पसरलेला होता, आणि जुनी सगळी तोंडं त्याच्या दोन्ही बाजूंना. मला ओळखून कुणी हात वर केला, पण पांजणी सोडून कुणी आलं नाही. खळ ओली होती.

जेवायला कडक भाकरी, आमटी. जेवता जेवता गुरम्मा म्हणाली, "बाई, हितं बी बस आना की. तुमी मनावर घेतलं तर येतीय. सूत आनायला बरं हुईल. आन् मी दर आटवड्याला यीन तुमच्याकडं."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिचं तोंड किती आशेनं माझ्याकडं होतं.

"ही जागा पाटलाची ना, गुरम्मा?"

"व्हय की. भाड्यानंच."

"मग बस मागू नकोस. मी आणणार नाही."

तिचा हात ताटातच थांबला. मी काय बोलले ते मला दिसलं, पण उशिरा. हळू आवाजात ती म्हणाली, "आमी लांबच बरं वाटायलोय व्हय तुमाला?"

या वेळी मी 'मग बोलू' म्हटलं नाही. तिचा उष्टा हात धरून सगळं सांगितलं. बस आली की रस्ता गेला, रस्ता गेला की माळ गेला, आणि मग घरंही गेली. इथंही तसंच होईल. पाटील एक दिवस दारात येऊन उभा राहील. तुझ्यासाठी नको म्हणते, ग.

ती ऐकत राहिली. तिला पटलं, हे मला कळलं. कारण तिचे डोळे भरून आले.

"मग आमी भेटायचं कसं, बाई?" तिनं विचारलं. "तुमचं गुडगं असं. माजंबी वय झालं."

तिनं भाकरी माझ्या ताटात वाढली आणि आम्ही दोघी जेवत राहिलो.